चारकोलमधे मूड हवा असेल तर आधी ते बोट खिशात घाला

कोळसेवाला:
हल्ली चारकोलचं कुठलंही चित्र बघा, रिकामा रस्ता, पाऊस, एक दिवा, आणि सगळं बोटाने घासून घासून गुळगुळीत केलेलं. लोक खाली लिहितात वा काय मूड आहे. मला तर तो नुसता धूर वाटतो. फ्रेंच चित्रकार जॉर्ज स्यूराची १८८० च्या दशकातली ड्रॉइंग्ज बघा, जाड दाणेदार कागदावर कांडी आडवी फिरवलीय, उंचवट्यांवर काळं बसतं आणि खळग्यात कागद पांढराच राहतो, त्यामुळे अंधारसुद्धा आतून उजळल्यासारखा वाटतो. घासलं की खळगे भरले आणि तो उजेड संपला.

धुकंधुकं:
दादा, स्यूरा काँते क्रेयॉन वापरायचा, चारकोल नव्हे. काँते चिवट असतो, कागदाला धरून बसतो. विलोची कांडी म्हणजे विलोच्या झाडाची जळकी काडी, फुंकर मारली तरी उडते, ती पसरवायचीच वस्तू आहे. घाटातलं धुकं दाण्यांनी काढून दाखवा मग बोलू. आणि तो फ्रेंच चित्रकार ओदिलों रदों? त्याने तर चारकोल घासला, पुसला, खरवडला, आणि त्याच्या काळ्या चित्रांइतका मूड कुणाला जमलाय?

कोळसेवाला:
काँतेचं मान्य, पण मुद्दा दाण्याचा आहे आणि दाणा विलोलाही मिळतो, कागद खरखरीत घ्या की. गुळगुळीत कार्ट्रिज कागदावर काय होणार. रदोंने घासलं ते ठरवून, एका जागी मऊ आणि शेजारी कचकन काळं. इथे लोक अख्खा कागद सारखाच मऊ करतात, एकही कड धारदार नाही, मग नजर थांबणार कुठे?

रबरताई:
दोघंही काळं कसं लावायचं यावरच भांडताय, मूड बनतो काढण्यातून. आधी पूर्ण कागदावर विलोचा मधला करडा थर द्या, मग नीडेड रबराने (कणकेसारखा मळता येणारा मऊ खोडरबर) दिवा, ओला रस्ता, खिडकी उचलून घ्या आणि कॉम्प्रेस्ड (दाबून घट्ट केलेला) चारकोल अगदी शेवटी, दोनचार जागीच, कारण त्यात डिंक असतो, एकदा बसला की नीट उठत नाही. जोहान्सबर्गचा चित्रकार विल्यम केंट्रिज १९८९ पासून एकाच कागदावर काढतो, पुसतो, परत काढतो आणि त्याचीच फिल्म करतो, आधीच्या रेघांची भुतं मागे दिसत राहतात. मूड त्या भुतांत आहे!!

धुकंधुकं:
ताईंना +१. मधला थर घासल्याशिवाय एकसारखा होतो का, सांगा कोळसेवाले?

कोळसेवाला:
मऊ चामड्याने किंवा सुती फडक्याने करा ना, बोटाने कशाला. बोटाचं तेल लागलं की डाग पडतो आणि तिथून रबराने उचलायला गेलात तर मळकट करडंच निघतं. शिवाय उचललेला पांढरा हा कोऱ्या कागदाइतका पांढरा कधीच होत नाही, म्हणून दिव्याची जागा पहिल्यापासून सोडून ठेवावी असं माझं मत, ताई रागावल्या तरी चालेल.

रबरताई:
रागावले नाही पण पटलंही नाही. सोडलेली जागा कापून चिकटवल्यासारखी दिसते. पावसातला दिवा कोऱ्या कागदाइतका पांढरा असतोच कुठे, मळकटच असतो.

नवशिका_नाशिक:
सगळं ठीक पण फिक्सेटिव्ह (चारकोल उडू नये म्हणूनचा स्प्रे) मारल्यावर माझे फिके करडे गायब होतात आणि बाकीचं अजून काळं होतं, त्याचं काय?

रबरताई:
लांबून, हलके दोन हात मारा, भिजवू नका. आणि उजेड थोडे जास्तच उचलून ठेवा आधी.

कोळसेवाला:
किंवा मारूच नका, काचेखाली फ्रेम करा, फक्त काच चित्राला टेकू देऊ नका.