‘जनुक संपादन’ की आणखी काही? शेतकऱ्याला कळेल असा शब्द हवा आहे

भंडाऱ्याहून, मूळ प्रश्न

मी धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रकं लिहितो. ४ मे २०२५ ला केंद्रीय कृषिमंत्र्यांनी धानाचे दोन नवे वाण जाहीर केले. एक हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचा ‘कमला’, सांबा मसुरीपासून काढलेला. दुसरा दिल्लीच्या पुसा संस्थेचा ‘पुसा डीएसटी राईस १’, एमटीयू १०१० पासून काढलेला. आमच्याकडे १०१० घरोघरी माहीत, त्यामुळे लगेच विचारणा सुरू झाली. दोन्ही वाण जीनोम एडिटिंग करून, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकांत नेमक्या जागी बदल करून काढलेले आहेत. मी पत्रकात रूढ शब्द घातला: जनुक संपादन.

बैठकीत पत्रक वाचून दाखवलं. त्या गावाची बरीच शेतं धरणात गेलेली आहेत. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी पत्रकाची घडी घातली, गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, “संपादन? जमीन घेतली तसं आता बियाणंही घेणार का?” कुणीही हसलं नाही. भूसंपादनाच्या नोटिसा हातात घेतलेली माणसं ती.

‘सुधारित’ लिहावं तर तो शब्द आपण साध्या निवडीने काढलेल्या वाणालाही वापरतो. शिवाय तो आधीच शाबासकी देऊन मोकळा होतो. बदल झाला एवढंच सांगायचं आहे. तो चांगला की वाईट हे शेतकऱ्याने शेतात बघून ठरवावं. काय लिहू?

पुण्याहून

आजोबांनी लावलेला अर्थ चुकीचा नाही, उलट तोच जुना आहे. संपादन म्हणजे मुळात मिळवणं, सिद्धीस नेणं. यश संपादन करणं, विश्वास संपादन करणं, भूसंपादन हे सगळे त्याच घरचे. वर्तमानपत्राचा ‘संपादक’ नंतर आला आणि त्याच्यामुळे ‘एडिटिंग’ला संपादन म्हणायची सवय लागली. मी बरीच वर्षं वर्तमानपत्रात मजकूर तपासायचं काम केलंय. माझ्या कानाला जनुक संपादन अगदी बरोबर वाटतं, कारण डोळ्यांपुढे खाडाखोड केलेला कागद येतो. पण ज्याने तो कागद कधी पाहिला नाही, पाहिली ती नोटीस, त्याला मी काय सांगणार?

पत्रकात ‘ध चा मा’ वापरून पाहा. ‘नारायणरावांस धरावे’ या ओळीत एक अक्षर बदललं आणि ‘मारावे’ झालं, ही १७७३ ची गोष्ट आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. ती खरी की दंतकथा हा वाद वेगळा. एका अक्षराने काय होतं, हे मराठी माणसाला त्याहून चांगलं कशाने कळेल?

नंदुरबारहून

मी सिकलसेलच्या तपासणीचं काम करते, त्यामुळे ‘ध चा मा’ वाचून थांबलेच. हा आजार हुबेहूब तसाच आहे. जनुक म्हणजे ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली सूचना. रक्तातलं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एका जनुकात तीन अक्षरांचा एक शब्द असतो, जीएजी. त्यातल्या मधल्या ‘ए’च्या जागी ‘टी’ पडला की जीटीजी होतो. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. एवढ्या एका अक्षरावरून तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि दहा-बारा वर्षांचं पोर रात्रभर हातपाय धरून रडतं. आई त्याच्या पायांना शेक देत बसलेली असते. हे मी खूपदा पाहिलंय.

शब्दांची अडचण आमच्याकडेही रोजचीच. तपासणीत ‘वाहक’ निघालेल्या मुलीला मी तो शब्द सांगितला, तर तिने विचारलं, म्हणजे एसटीतला? तेव्हापासून मी म्हणते, “तुला आजार नाही, पण ते अक्षर तुझ्यातून मुलांकडे जाऊ शकतं.” लगेच समजतं.

एक कळकळीची विनंती: या सगळ्याला कुणी ‘जनुकदुरुस्ती’ म्हणू नका. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेलवर कॅसगेव्ही या जीनोम एडिटिंगच्या उपचाराला मंजुरी दिली. त्यात ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाहीत, ते तसंच राहतं. आईच्या पोटात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि जन्मानंतर बीसीएल११ए नावाचं जनुक ते बनवणं आवरतं घ्यायला लावतं. उपचारात रुग्णाच्याच मूळपेशी काढून त्यांत या जनुकाचा जोर कमी करतात आणि पेशी परत सोडतात. जुनं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं आणि पेशी वाकड्या होणं टळतं. ‘दुरुस्ती’ म्हटलं की लोक धरून चालतात की चूक गेली, आता मुलांनाही धोका नाही. तसं नाही. ते अक्षर मुलांकडे जाऊ शकतंच. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली आहे. ती ऐकून आमच्या पाड्यावरच्या आया गप्प होतात आणि मलाही पुढे बोलवत नाही.

न्यू जर्सीहून

ताईंचं बरोबर आहे. पण खऱ्या दुरुस्तीचंही एक उदाहरण झालंय. इथून जवळच फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात एका तान्ह्या बाळाच्या यकृतात अमोनियाचा निचरा होत नव्हता. त्या बाळाचं जे एक अक्षर चुकलं होतं, नेमकं तेच बदलणारं औषध त्याच्या एकट्यासाठी तयार करून २०२५ मध्ये दिलं. तिथे ‘दुरुस्ती’ म्हणायला हरकत नसावी. म्हणजे दुरुस्ती हा त्यातला एक प्रकार, सगळ्याचं नाव नव्हे.

रत्नागिरीहून

‘कलम’ का नको? कलम म्हणजे लेखणीही आणि आंब्याचं कलमही. लिहिणं आणि झाड सुधारणं दोन्ही एका शब्दात येतं. आमच्याकडे रायवळच्या कोयीतून रोप वर आलं की त्याचा शेंडा छाटून हापूसची काडी बसवतात, वर पट्टी घट्ट गुंडाळतात. पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. ‘जनुककलम’ म्हणा.

भंडाऱ्याहून

दादा, शब्द फार गोड आहे, पण तो मी दुसरीकडे वापरणार. कलमात दुसऱ्या झाडाची काडी येते. तसं झालंय ते बीटी कापसात: मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात आणून बसवलं, २००२ पासून आपण ते पेरतोय. ते खरं जनुककलम. ‘कमला’त बाहेरचं काही आणून ठेवलेलं नाही. धानाचं स्वतःचंच एक जनुक वाढीचं संप्रेरक मोडत बसायचं, त्यातली अक्षरं कापून ते ढिलं केलं, म्हणून लोंबीला दाणे जास्त. १०१० वाल्या वाणात पानावरच्या छिद्रांशी संबंध असलेलं जनुक असंच बदललंय, पाणी कमी पडलं तरी तग धरावा म्हणून. सरकारी नियमही हाच फरक बघतात. परकं जनुक नसलेल्या अशा वाणांना मार्च २०२२ मध्ये बीटीसाठीच्या कडक नियमांतून सूट दिली. तेव्हा दोन्हीला एकच शब्द वापरला तर शेतकऱ्याची फसगत होईल.

पुण्याहून

मग ताईंचाच शब्द घ्या. त्या मुलीला त्यांनी ‘ते अक्षर’ म्हणून सांगितलं. अक्षरबदल. अक्षर गाळलं, घातलं किंवा फिरवलं, तिन्ही त्यात मावतात. शाबासकीही नाही, भीतीही नाही. आणि वर्तमानपत्रांत २०२० च्या नोबेलच्या वेळी आलेला ‘जनुकीय कात्री’ हा शब्द जनुक कापणाऱ्या अवजारासाठी ठेवा, प्रक्रियेसाठी नको.

भंडाऱ्याहून

ठरलं. कात्री एकटी काही करत नाही, तिला नेमक्या जागी नेणारा आरएनएचा तुकडा असतो, त्याला मी ‘वाटाड्या’ म्हणतोय. पत्रकाचा नवा मजकूर असा:

“धानाच्या प्रत्येक पेशीत त्याची पोथी असते. वाटाड्या त्या पोथीतली साधारण वीस अक्षरांची ओळ ओळखतो, कात्री तिथे कापते आणि पेशी स्वतःच ते जोडून घेते. जोडताना अक्षरं बदलतात. याला अक्षरबदल म्हणतात. यात दुसऱ्या जिवाचं जनुक आणून बसवलेलं नाही. बीटी कापसात तसं बसवलेलं आहे, त्याला जनुककलम म्हणतात.”

बियाणं कुणाच्या मालकीचं, घरचं राखून पुढच्या वर्षी पेरता येईल का, हे आजोबांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर शब्द बदलून मिळणार नाही. ते वेगळ्या परिच्छेदात लिहितो आहे, कृषी कार्यालयाकडून लेखी घेऊनच. ताई, ‘पोथी’ तुमच्या पाड्यांवर चालेल का? की तिथे दुसरं काही म्हणतात?