कौंटी कौन्सिलच्या उमेदवाराची आश्वासने कशी पारखावीत?

प्रश्न: इंग्लंडमधील आमच्या विभागातून कौंटी कौन्सिलची (कौंटी या मोठ्या प्रशासकीय विभागाच्या निवडून आलेल्या स्थानिक परिषदेची) निवडणूक लढवणाऱ्या एका उमेदवाराच्या पत्रकात खड्डेमुक्त रस्ते, दर आठवड्याला कचरा उचलणे आणि कौन्सिल टॅक्समध्ये (घरांवरील स्थानिक करात) कपात अशी तीन आश्वासने आहेत. मी भारतीय नागरिक असून येथे प्रथमच मतदान करणार आहे. यांपैकी त्यांच्या हातात नेमके काय असेल?

उत्तर १: मोटरवे आणि प्रमुख महामार्ग वगळता रस्ते कौंटीकडेच असतात, त्यामुळे ते आश्वासन रास्त आहे. कचऱ्याचे मात्र तसे नाही. वर कौंटी आणि तिच्या हद्दीतील लहान भागांसाठी डिस्ट्रिक्ट कौन्सिल, अशा दोन स्तरांच्या व्यवस्थेत तो घरोघरी उचलणे डिस्ट्रिक्टचे काम असते आणि त्याची विल्हेवाट लावणे कौंटीचे.

उत्तर २: मला खटकते ती करकपात. कौंटीच्या खर्चाचा मोठा हिस्सा वृद्ध, अपंग आणि मुलांच्या देखभालीवर जातो व ती जबाबदारी कायद्यानेच बंधनकारक आहे. आमच्या शेजारच्या आजींना रोज सकाळी कपडे घालायला मदत करणारी सेविका कौंटीच्याच पैशातून येते, म्हणून कपात नेमकी कुठून करणार, हे त्यांना स्पष्ट विचारा.

उत्तर ३: मतदारयादीत नाव वेळेत नोंदवा. केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते आणि भारतीय पासपोर्ट चालतो.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. ते प्रचाराला दारी आले की आजींचाच प्रश्न आधी विचारीन.