वाघापेक्षा गवताकडे बघा

एक दादा नागपूरला गोल्फ खेळून मुक्कामाचा ट्रेलर रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या बाजूला लावणार, तोही एकट्याने, तर वाघ-बिबट्याचं काय असं दोघातिघांनी त्यांना विचारलंय. काळजी बरोबर आहे, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्या भागात जास्त भीती गवताची असते, ते कोणी लिहिलंच नाही. त्यात चिगर नावाचा बारीक किडा असतो, नीट दिसत नाही, चावला तरी कळत नाही अन् त्याच्यातून स्क्रब टायफस नावाचा तापाचा आजार होतो. 2018 साली नागपूर अन् आजूबाजूच्या जिल्ह्यांत याची मोठी साथ होती, माणसं गेली त्यात. आमच्या वावराशेजारचे काका धुऱ्यावरचं गवत कापून आले अन् काही दिवसांनी तापाने फणफणले, मलेरिया-डेंग्यूच्याच तपासण्या चालल्या होत्या, शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी शर्ट काढायला लावला तेव्हा काखेत काळी खपली दिसली, सिगारेटचा चटका बसल्यासारखी, दुखत पण नव्हती, ती चिगर चावल्याची खूण. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केल्यावर ताप उतरला.

म्हणून दादा, बॉल झुडपात गेला तर जाऊ द्या, दुसरा काढा. ट्रेलर मुरमाड उघड्या जागी लावा (काळ्या मातीत चाकं पण फसतात), पँट मोज्यात खोचा, गवतावर तसंच लोळू नका, संध्याकाळी साबणाने घासून आंघोळ करा अन् कपडे बदला. घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर गवतात फिरलो होतो हे डॉक्टरला स्वतःहून सांगा, सोबत कोणी नव्हतं तर ते दुसरं कोण सांगणार.