देशाची ग्रिड, म्हणजे विजेच्या लाईनचं जाळं वाढवायचं, तर टॉवरखालच्या शेतकऱ्याला दरवर्षी भाडं का नाही?

बागाईतदार, निफाड
परवा सर्व्हेवाले आमच्या शिवारात खुंट्या ठोकून गेले. राजस्थानची वीज आणणारी ७६५ केव्हीची, म्हणजे ७६५ हजार व्होल्टची लाईन येतेय. पट्टा साधारण ६५ मीटर रुंद, आणि त्यात माझी दीड एकर द्राक्षबाग. लाईनला माझा विरोध नाही. पण जमीन संपादित होत नाही, फक्त वापराचा हक्क घेतात, तोही १८८५ च्या तार कायद्याच्या आधाराने. सातबारा माझ्या नावावर, पण तिथे ना घर बांधता येणार, ना शेड. बँक तारण धरताना कुरकुर करणार ती वेगळी. केंद्राच्या जून २०२४ च्या सूचनांत टॉवरच्या पायाला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला आहे. २०१५ मध्ये हेच ८५ आणि १५ होतं, म्हणजे सुधारणा झाली. पण पैसे एकदाच, आणि तारा डोक्यावर पुढच्या पिढीपर्यंत. मोबाईल टॉवरला भाडं मिळतं, मग इथे का नको?

उपकेंद्रात ३० वर्षे
भाडं सुरू केलं की प्रत्येक बांधावर दरवर्षी नवा वाद उभा राहील आणि लाईन रखडेल. रखडली की काय होतं ते मी पाहिलंय. ३० आणि ३१ जुलै २०१२. बीना–ग्वाल्हेर मार्गावर जोडीची लाईन कामासाठी बंद, एकाच ४०० केव्ही लाईनवर भार आला, ती ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य या तिन्ही ग्रिड एकदम पडल्या. साठ कोटींहून जास्त लोक अंधारात. आपली पश्चिम ग्रिड वाचली, पण त्या दुपारी कंट्रोल रूममध्ये कुणी खुर्चीवर बसलं नव्हतं. दक्षिणेची ग्रिड तर ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर लाईनने जोडली, तेव्हा कुठे देश एका ग्रिडवर आला.

गंगापूर रोड
पण राजस्थानातून वीज आणायचीच कशाला? निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्या असताना रात्री पाणी भरायला जाणं जिथे थांबलं, ते गावाजवळच्या सौर कृषी वाहिनीमुळे, म्हणजे पंपांना दिवसा मिळणाऱ्या सौरविजेमुळे थांबलं. ७६५ केव्हीमुळे नाही. जिथे वापर तिथे निर्मिती करा, शेतकऱ्याच्या डोक्यावरून तारा नेऊ नका.

माळेगाव एमआयडीसी, सिन्नर
दादा, माझ्या मोल्डिंग मशीन रात्रपाळीतही चालतात. व्होल्टेज क्षणभर पडलं तरी बॅरलमधला माल थिजतो आणि पुढचे दोन तास साफसफाईत जातात. सूर्य मावळल्यावर घरांची मागणी वाढते, तेव्हा छतावरचं सौर काय देणार? तेव्हा पवनवीज लागते, कुठलं तरी धरण लागतं, आणि ते बऱ्याचदा दुसऱ्या राज्यात असतं. उलट २०२५ मध्ये राजस्थानात सौरवीज तयार असूनही लाईन अपुऱ्या म्हणून काही प्रकल्पांना ती कमी करावी लागली. भाड्याचं म्हणाल तर माझ्या बिलात थोडे पैसे वाढले तरी चालतील. ज्यांच्या शेतावरून वीज येते त्यांना ते मिळायलाच हवेत.

गंगापूर रोड
मग केबल जमिनीखालून न्या.

उपकेंद्रात ३० वर्षे
इतक्या दाबाची एसी केबल लांबवर गाडली की ती स्वतःच कपॅसिटरसारखी, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागासारखी वागते, त्या साठवणुकीच्या चार्जिंग करंटनेच भरून जाते. खर्चही कितीतरी पट. आणि दाब कमी ठेवून चालत नाही. दाब दुप्पट केला की तीच वीज निम्म्या प्रवाहात जाते आणि तारेतली गळती एक चतुर्थांशावर येते. म्हणून तर ७६५.

बागाईतदार, निफाड
साहेब, गणित पटलं. पण ती वाचलेली गळती पैशांतच मोजतात ना? त्यातला वाटा बांधावर का येऊ नये? आणखी एक, शेजारच्या गावात लाईनखालच्या मांडवाच्या तारेला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणे. आमच्याकडे गोडी छाटणीला बायाबापड्या दिवसभर त्याच तारा धरून उभ्या असतात.

उपकेंद्रात ३० वर्षे
खरं आहे, ते इंडक्शन, वरच्या लाईनमुळे खालच्या तारेत न जोडताच वीज उतरते. लाईनला समांतर जाणारी लांब तार तोडून तुकडे करा, प्रत्येक तुकड्याचा लोखंडी अँगल अर्थ करा, म्हणजे तारेने जमिनीशी जोडा. हे काम लाईनवाल्यांनी स्वतःच्या खर्चाने करायचं, असं पंचनाम्यात लिहून घ्या, तोंडी कबुलीवर सही करू नका. मोजणीच्या दिवशी बोलवा, मी येतो. भाड्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

बागाईतदार, निफाड
या साहेब. माझंही तेच आहे.