मदत हवी आहे: नववीच्या मुलांना एआय आणि विषाणूंसारखे मोठे धोके कसे सांगू?

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यात विज्ञान शिकवतो. परवा वर्गात ग्रँड नैन जातीच्या केळीचं टिश्यू कल्चर रोप (एकाच झाडाच्या उतीपासून प्रयोगशाळेत वाढवलेलं) नेलं. सगळी रोपं हुबेहूब सारखी, म्हणून एकच रोग अख्खी बाग नेऊ शकतो, असं सांगत होतो. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, सगळं जग एकाच यंत्राच्या भरवशावर चाललं तर माणसाचंबी असंच व्हईल का?"

मी अडलो. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत संगणकाने अमेरिकी क्षेपणास्त्रांचा खोटा इशारा दिला, तो तिथल्या ड्युटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव्ह या सोव्हिएत अधिकाऱ्याने खरा मानला नाही, म्हणून अनर्थ टळला, एवढंच सांगितलं. पण दर वेळी असा माणूस तिथे बसलेला असेलच असं नाही ना!

एआय, प्रयोगशाळेतले विषाणू यांचे धोके मुलांना न घाबरवता, पण खोटा धीरही न देता कसं शिकवावं? कुणी वर्गात घेतलं असेल तर कृपया सांगा. शनिवारी सकाळी पुढचा तास आहे.