मदत हवी आहे: सुपरमार्केटच्या स्वस्त पाकिटातली तूरडाळ शिजत नाही

इंदूरकर मंडळी, जरा सल्ला द्या. घरात आम्ही पाच जण, दोन मुलं शाळेत जाणारी. दूध-भाजी सोडून महिन्याचा किराणा 7,000 रुपयांत बसवायचा आहे, म्हणून सुपरमार्केटच्या स्वतःच्या छापाची स्वस्त पाकिटं घ्यायला लागले. साखर, रवा, जाडे पोहे उत्तम निघाले, शेंगदाणे बरे. गहू आम्ही वर्षाचा भरतो, त्यामुळे कणकेचा प्रश्न नाही.

अडलंय ते तूरडाळीपाशी. रात्रभर भिजवली, हळद आणि थेंबभर तेल घालून लावली, बोअरिंगचं सोडून नर्मदेचं पाणी घेतलं, शिट्ट्या वाढवल्या. तरी कुकर उघडला की वर पिवळं पाणी आणि खाली अख्खी डाळ! आमटी घोटून खपवता येते, पण साधं वरण कसं खपवणार? जुनी डाळ लवकर शिजत नाही हे ठाऊक आहे, पण पाकिटावर पॅकिंगची तारीख असते, डाळ कुठल्या हंगामाची ते नसतं.

खायचा सोडा नको, सासूबाईंना मीठ-सोडा जपून द्यायला सांगितलंय. सियागंजच्या घाऊक बाजारात डाळ स्वस्त मिळते, पण घरी गाडी नाही आणि रिक्षाभाड्यातच बचत जाते. पाच किलो एकदम मागवायचीही तयारी आहे.

तर डाळ जुनी आहे हे बंद पाकिटावरून कसं ओळखता? आणि तुरीत थोडी मूग किंवा मसूर मिसळून वरण करत असाल, तर प्रमाण किती घेता, मुलांना चव कळते का?