पालक आणि गूळ रोज खाऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही?

प्रश्न:
माझ्या २४ वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन ९.८ आले आहे. आम्ही शाकाहारी आहोत. गेले तीन महिने ती रोज पालकाची भाजी आणि शेंगदाण्यांबरोबर गुळाचा खडा खाते, तरीही आकडा जागचा हलत नाही. दोन जिने चढताना तिला धाप लागलेली पाहवत नाही. आहारात नेमके काय कमी पडत असावे?

प्रतिसाद १:
स्त्रियांमध्ये १२ च्या खाली हिमोग्लोबिन गेले की रक्तक्षय मानतात, म्हणून आहाराची वाट पाहत न बसता आधी डॉक्टरांना दाखवा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) आणि बी-१२ जीवनसत्त्व या दोन्ही तपासण्या करायला हव्यात, कारण बी-१२ वनस्पतींतून जवळजवळ मिळतच नाही आणि ते कमी असेल तर नुसत्या लोहाने रक्त भरून येत नाही. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

प्रतिसाद २:
मुलगी जेवणाबरोबर किंवा जेवून लगेच चहा घेते का?

प्रश्नकर्ती:
हो, सकाळी पोळीभाजीबरोबरच चहा असतो. याचा संबंध असेल असे कधी वाटले नाही.

प्रतिसाद २:
संबंध मोठा आहे. धान्ये, डाळी आणि पालेभाज्यांमधले लोह शरीरात मुळातच कमी शोषले जाते आणि चहातले टॅनिन त्यालाही बांधून ठेवते. त्यामुळे चहा आणि जेवण यांत तासाभराचे तरी अंतर ठेवा. याउलट क जीवनसत्त्व ते लोह शोषले जाईल अशा रूपात आणते, म्हणून वरणभातावर लिंबू पिळावे, भाकरीबरोबर आवळ्याची चटणी किंवा कच्च्या कोबीची कोशिंबीर असावी. पालकावर एवढी भिस्त ठेवू नये असे माझे मत आहे, कारण त्यातले बरेचसे लोह अंगी लागत नाही. त्यापेक्षा बाजरीची भाकरी आणि मोड आलेली मटकी बरी. भिजवून मोड आणल्याने कडधान्यातले लोह बांधून ठेवणारे फायटेट हे द्रव्य कमी होते आणि लोह मोकळे होते. कॅल्शियमची गोळी चालू असल्यास ती लोहाच्या गोळीबरोबर घेऊ देऊ नका.

प्रतिसाद ३:
आमच्याकडे चिंचेची आमटी लोखंडी कढईत होते. आंबट पदार्थात कढईतले लोह अधिक उतरते, मात्र शिजताच आमटी दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर ती काळी पडते आणि चवीला कळकते.